मृग लागण्याआधी घराची तयारी

पूर, वीज आणि साप ही विदर्भातल्या पावसाळ्याची तीन मोठी संकटं. जूनच्या पहिल्या आठवड्यातच तयारी उरका.

आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंच फळीवर ठेवा. पेटीत नको, ऐनवेळी ती उचलवत नाही. माणशी रोज ३ लिटर धरून तीन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकून ठेवा. सोबत फुटाणे, गूळ, टॉर्च. सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर गळून टॉर्च बाद होतो. नदीकाठी धरणाचं पाणी सोडल्याची सूचना आली की आधी जनावरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर हमखास बुडतं.

वीज कडाडली की झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.

सापाचं मात्र नीट वाचा. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते, खूण कित्येकदा दिसतही नाही. म्हणून खाली झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तरी दंशच समजा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. अंगठी, बांगड्या काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. सापाचं विष उतरवणारं इंजेक्शन (प्रतिविष) जवळ कुठल्या दवाखान्यात मिळतं, हे आजच विचारून भिंतीवर लिहा.