“ताई, जंजिरा तुमच्याकडून किती लांब?” घरगुती निवासाची वेबसाइट आणि फोनजवळची वही

दर मोसमात हा फोन येतोच. आमचं मुरुड दापोली तालुक्यातलं, जिल्हा रत्नागिरी. जंजिऱ्याचं मुरुड रायगडात. मध्ये बाणकोटची खाडी, राजपुरीची खाडी आणि अख्खं श्रीवर्धन. सुरुवातीची दोन-तीन वर्षं फोन ठेवला की आम्ही घरात हसायचो. मग एका कुटुंबानं आगाऊ पैसे भरले आणि निघायच्या आदल्या रात्री हाच प्रश्न विचारला. पैसे परत केले, शनिवार-रविवार मोठी खोली रिकामी राहिली, आणि हसू थांबलं. चूक त्यांची नव्हतीच. पाटीवर, कार्डावर, फेसबुकवर, सगळीकडे आम्ही नुसतं ‘मुरुड’ लिहून ठेवलेलं. आम्हाला मुरुड एकच माहीत!

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. चार खोल्या, नारळ-पोफळीची वाडी आणि सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला स्वयंपाक, एवढं भांडवल. पण चुका करत, पैसे घालवत जे कळलं ते लिहिते. तुमचं दुकान लोणच्यांचं असो की शिवणाचं, रीत फार वेगळी नसावी.

आधी वही

वेबसाइट कोणाकडून करून घ्यायची हे विचारायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. एक पूर्ण मोसम, आमच्याकडे दिवाळी ते मे, येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. आपल्या शब्दांत नको. ‘स्वच्छतागृहाची चौकशी’ असं लिहिलंत तर वही वाया गेली. लोक विचारतात, “अटॅच्ड आहे का? वेस्टर्न आहे ना?” तेच लिहायचं. “आजी आहेत बरोबर, पायऱ्या किती?” “गाडी दारापर्यंत येते?” “मासे मिळतील का?” “ड्रायव्हर कुठे झोपणार?” “मोदक जेवणातच धरलेत की वेगळे पैसे?”

मोसम संपल्यावर एका दुपारी पडवीत बसून मी पुढे रेघा मारत मोजणी केली. सगळ्यांत जास्त रेघा बाथरूमच्या. मग जेवण, मग गाडी लावायची जागा, मग एसी. समुद्र पाचवा. आणि आमच्या तेव्हाच्या वेबसाइटवर काय होतं? पानभर सूर्यास्त, ‘निसर्गाच्या कुशीत विसावा’, आणि बाथरूमचा एकही फोटो नाही. निसर्गाची कुस कोकणात प्रत्येकाच्या घरामागे आहे हो. ती बघून कोणी खोली ठरवत नाही.

त्या दुपारी माझ्या डोक्यात पक्कं बसलं की वेबसाइट म्हणजे फोन उचलणारी आणखी एक बाई. मी चुलीपाशी असताना तिनं उत्तरं द्यायची.

नकाशावरची टाचणी

पैसे अजून एक रुपयाही काढू नका. गूगलवर आपल्या धंद्याचं प्रोफाइल फुकट होतं. पडताळणीसाठी आता बहुतेकांकडे व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, आतली खोली, आणि घर आपलंच आहे हे दिसेल असं काहीतरी, म्हणजे कुलूप किल्लीनं उघडून दाखवणं वगैरे. एका दमात काढायचा, तेव्हा आधी एक रंगीत तालीम करा. माझा पहिला व्हिडिओ आमच्या मोत्यानं भुंकून संपवला.

नाव पाटीवर आहे तेवढंच लिहायचं. ‘बेस्ट स्वस्त होमस्टे बीच टच दापोली’ अशी शेपटी नावाला लावणं गूगलच्या नियमात बसत नाही, कोणी तक्रार केली तर प्रोफाइल बंदसुद्धा होतं. तालुका, जिल्हा पत्त्यात लिहा.

टाचणी मात्र स्वतः, फोन हातात धरून, फाटकासमोर उभं राहून लावा. आमची आधी मागच्या पाखाडीत, म्हणजे अरुंद दगडी वाटेत, लागली होती. रात्री अकराला एक मोठी गाडी त्या पाखाडीत शिरली आणि अडकली. चिऱ्याचा गडगा दोन हात पाडून ती मागे काढावी लागली. गडगा शेजाऱ्यांचा.

आणि नकाशावर सगळं सोपवू नका. श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून इकडे येणाऱ्यांना तो बागमांडला-वेसवी फेरीवरून आणतो. दिवसा छानच, गाडीसकट खाडी ओलांडायची मजा. पण फेरी रात्रभर चालत नाही, आणि ती चुकली तर केवढा वळसा पडतो ते आलेल्यांना विचारा. आमच्या पानावर म्हणून ‘कसं याल’ हा भाग सगळ्यांत मोठा आहे. पुण्याहून ताम्हिणी-माणगाव, मुंबईहून महामार्ग सोडून आंबेत-मंडणगड, रेल्वेनं आलात तर खेड स्टेशन आणि पुढे एसटी. पेट्रोल दापोलीतच भरून घ्या, हेही लिहिलंय.

परीक्षणं मागायची, पण मोबदला देऊन नाही. निघताना गाडीत सामान ठेवून झालं की मी सांगते, “जमलं तर दोन ओळी लिहा, काय आवडलं नाही तेही लिहा.” एकानं लिहिलं, गरम पाणी सकाळी आठनंतर मिळालं. मी खाली उत्तर दिलं की तेव्हा बंबावर होतं, आता प्रत्येक खोलीत गिझर आहे. नंतरच्या किती जणांनी फोनवर सांगितलं, “तुमचं ते गिझरवालं उत्तर वाचलं.” पाच चांदण्यांच्या कौतुकाबद्दल कोणी असं सांगितलं नाही.

नाव आपल्या नावावर

आता पैसे. आमची पहिली वेबसाइट शहरातल्या एका गृहस्थांनी केली. काम वाईट नव्हतं. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतला होता, आणि हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. नूतनीकरणाची तारीख गेली, गृहस्थ फोन उचलेनात, आणि महिन्या-दोन महिन्यांत आमच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकायला लागल्या. छापलेली हजार कार्डं बंबात घातली.

सातबारा जसा आपल्या नावावर आहे की नाही बघतो, तसं डोमेन बघा. खातं आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइलवर, पासवर्ड आपल्या वहीत. शेवटी ‘डॉट इन’ असलेलं नाव पुरतं. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा बघा, तो बहुतेक ठिकाणी जास्त असतो. करणाऱ्याला काम द्यावं, मालकी देऊ नये.

“मग वेबसाइट हवीच कशाला, इन्स्टाग्राम आहे की,” असं भाचा म्हणाला होता. असू दे. पण गूगलनं प्रोफाइलबरोबर जी फुकट वेबसाइट दिली होती ती मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकली. आमच्या दोन ओळखीच्यांची सगळी माहिती तिथंच होती. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉक एका रात्रीत गेलं. दुसऱ्याच्या अंगणात मांडव जरूर घाला, देव्हारा आपल्या घरात असू द्या.

पानावर काय

एकच लांब पान, बस. वर फोन नंबर, दाबला की लागेल असा. शेजारी व्हॉट्सॲपचं बटण. मग वहीतले प्रश्न, रेघांच्या क्रमानं, खाली साधी उत्तरं. पायऱ्या सात. गाड्या तीन राहतात, बस रस्त्यावर लावावी लागते. एसी दोन खोल्यांत. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, एसी नाही.

जे नाही ते ठळक लिहा, ही माझी सगळ्यांत ठाम सूचना. घरात मासे होत नाहीत, हे मी आधी लपवायचे. वाटायचं, गिऱ्हाईक जाईल. आता वरच लिहिलंय: आमच्याकडे जेवण शाकाहारी, मासे खायचे तर जवळच खानावळी आहेत, हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला जरूर जा. फोन कमी झाले. पण जे येतात ते “शाकाहारीच हवं होतं” म्हणून येतात, आणि जेवणावरून वाद मिटले.

दर लिहा. “फोनवर सांगू” म्हटलं की माणूस पुढच्या घराकडे जातो. पण दराचं चित्र करून व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका! आमचं एक केशरी रंगाचं दरपत्रक, वर गणपती, खाली नारळ, इतकं फिरलं की तीन वर्षांनी एक पाहुणे ते दाखवून जुन्याच दरात ताट मागत होते. चित्र एकदा हातातून गेलं की बदलता येत नाही. वेबसाइटची लिंक पाठवा, दर तिथे बदला, सगळ्यांना नवाच दिसतो. शिवाय चित्रातली अक्षरं शोधात नीट येतीलच असं नाही, पानावर टाइप केलेली येतात.

फोटो आपल्या फोननं, सकाळी, खिडक्या उघडून. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणा. माणूस हे पान ताम्हिणी घाटात, एक दांडी रेंजवर उघडणार आहे.

पानाच्या शीर्षकात आम्ही आता ‘मुरुड, ता. दापोली’ असं मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही लिहितो. कारण लोक मराठीत विचार करून इंग्रजी अक्षरांत शोधतात. हे मला गूगलच्या सर्च कन्सोलमधून कळलं. तेही फुकट आहे, गेल्या १६ महिन्यांत काय शोधून लोक आपल्या पानापर्यंत आले ते दाखवतं. पुण्याची माणसं ‘मुरुड’ नाही, ‘दापोली’ शोधतात. पान मराठीतच आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक मराठी बोलणारे, त्यांना ‘पोफळीच्या वाडीत’ म्हटलं की चित्र उभं राहतं.

व्हॉट्सॲप, जाहिराती आणि आर्मीवाले

व्हॉट्सॲपचं धंद्याचं ॲप घ्या. त्यात ठरलेली उत्तरं साठवता येतात, तिरकी रेघ देऊन एक शब्द लिहिला की अख्खं उत्तर येतं. माझी ‘रस्ता’, ‘दर’, ‘मोदक’ अशी आहेत. (मोदक आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावे लागतात. पीठ ताजं लागतं.) ज्यांनी आपला नंबर साठवलेला नाही त्यांना ब्रॉडकास्टचा निरोप पोचत नाही, म्हणून निघताना नंबर साठवून घ्यायला सांगते. वर्षातून दोनदाच निरोप, दिवाळीच्या आधी आणि आंबा तयार झाला की. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्याचा नंबर लोक गप्प करतात, मीही करते.

जाहिरातीचं थोडक्यात. वरचं सगळं नीट होईपर्यंत एक रुपया घालू नका, गळक्या हंड्यात पाणी कशाला. नंतर फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड निवडून, जोडून सुट्टी येते त्याच्या पंधरा दिवस आधी, थोड्या पैशांत करून बघा. बुकिंगची मोठी ॲपही ठेवा, पण ती आमच्याकडून १८ टक्के घेत होती. तिथून आलेला पाहुणा दुसऱ्या खेपेला थेट फोन करेल असं त्याला वागवा.

आणि सावध राहा. “आर्मीतून बोलतोय, दहा जणांचं बुकिंग, ॲडव्हान्स पाठवतो, फक्त तुमचा पिन टाका.” पैसे यायला पिन लागत नसतो. फसलातच तर लगेच १९३०ला फोन करा. महिन्यातून एकदा आपलंच प्रोफाइल परक्यासारखं उघडून नंबर तपासा, गूगलवर बदल कोणीही सुचवू शकतं. पर्यटन विभागाची निवास-न्याहारी नोंदणी असेल तर ती पानावर लिहा. खोट्या वेबसाइटांनी पोळलेला माणूस ते बघतो.

वही अजून चालू आहे, तिसरी. प्रत्येक फोनच्या शेवटी मी विचारते, “आमचं कुठून कळलं?” आणि समासात लिहिते. जंजिऱ्याचा प्रश्न आता मोसमात एखाददुसरा. पण जुलै २०२५मध्ये इतर मराठा किल्ल्यांबरोबर आमचा हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हापासून एक नवीन सुरू झालाय: “किल्ल्यात होडी जाते का, आणि किती घेतात?” बऱ्याच रेघा झाल्यात, पानावर उत्तर नाही. आज संध्याकाळी हर्णैला जाऊन होडीवाल्यांना विचारून येणार आहे. ओहोटीच्या वेळाही लिहून आणीन.