टाकीला भोक पाडलं, काच शाबूत!

माशांची पहिली काचेची टाकी मी माझ्या घाईनेच फोडली. ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे जादा पाणी बाहेर जायला, भोक पाडताना शेवटी जोर दिला आणि कोपऱ्यापर्यंत तडा गेला. दुसऱ्या वेळी आधी एकच गोष्ट तपासली: काच टफन्ड (तापवून कडक केलेली) तर नाही ना? मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर काच धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं. टफन्ड असती तर गडद पट्टे-ठिपके दिसले असते, आणि तिला ड्रिल लावताच चुरा. तळाची काच बऱ्याचदा टफन्ड असते, म्हणून मी मागची बाजू निवडली.

बल्कहेड (भोकात बसणारा पाइपचा जोड) मोजून ३५ मिमीचा डायमंड होल सॉ (काचेला गोल भोक पाडणारं बिट) आणला. प्लायला त्याच मापाचं भोक पाडून ती फळी काचेवर क्लॅम्पने बसवली, म्हणजे बिट घसरत नाही. टाकी आडवी, खाली थर्माकोल, आतून मास्किंग टेप. भोकाभोवती मुलीच्या खेळण्यातल्या क्लेची पाळ करून पाणी भरलं. (क्ले परत मागितली गेली, तो वेगळा विषय.)

ड्रिल बॅटरीचंच घेतलं, कारण पाण्याशेजारी वायरचं नको. ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देणारा) बंद, वेग सगळ्यात कमी, आणि दाब फक्त ड्रिलच्या वजनाचा. पाणी पिठासारखं पांढरं झालं की बदलायचं. १० मिमी काचेला जवळपास पंधरा मिनिटं लागली. शेवटच्या मिलिमीटरला तर मी ड्रिल चक्क उचलून धरलं होतं. चकती टेपवर अलगद पडली.

कडेला बारीक टवके निघाले, पण बल्कहेडच्या रबरी वॉशरखाली झाकले गेले. हाताने आवळलं, सिलिकॉन लावलंच नाही. दोन दिवस पाणी भरून ठेवलं, गळती नाही.