गाडी चालू होत नसेल तर आधी चाबी काढा

आमच्या हिंगणघाटकडच्या खेड्यात कोणाची गाडी अडली की चौघे जमतात आणि चौघेही एकच सांगतात, "मार न बे अजून सेल!" सेल म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर. दहा मिनिटांत बॅटरी बसते, आणि मूळ बिघाड कोणता होता ते कोणालाच कळत नाही. मी बत्तीस वर्षं मोटारींच्या वायरिंगचंच काम केलं. घरची गाडी म्हणजे जुनी कार्बोरेटरची मारुती व्हॅन, डेल्कोत अजून पॉइंट असलेली. डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डबा (डिस्ट्रिब्यूटर), आणि पॉइंट म्हणजे त्याच्या आतला, करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. तिच्याच भाषेत सांगतो.

चाबी एकदाच फिरवा आणि कान द्या. सेल इंजिन फिरवतो का? नुसतं 'टक' वाजत असेल, तर ठिणगी देणाऱ्या प्लगकडे वळूच नका. हेडलाइट लावून पुन्हा एकदा सेल मारा. लाइट विझल्यासारखा झाला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. लाइट तसाच राहिला तर सेलपर्यंत करंट पोचत नाही, किंवा सेलच बिघडला आहे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा बुरा गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. मीटर असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरीतलं पाणी झपाट्यानं उडतं. तिथे डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको.

सेल फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर पुढचं नीट वाचा.

एक प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, बहुधा ठिणगी नाही. तो पुसून वायरमध्ये परत अडकवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. प्लग रबरी मुठीच्या पकडीनं धरा. या वायरीत हजारो व्होल्ट असतात, माझा हात एकदा खांद्यापर्यंत बधिर झाला होता. प्लगच्या मोकळ्या भोकापासूनही हातातला प्लग लांबच ठेवा, तिथून पेट्रोलचा फवारा येतो. गॅस किट असेल तर आधी गॅस बंद करा.

निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली तर इग्निशन ठीक, पेट्रोलची लाइन पाहा. पिवळी, मरतुकडी आली तर बहुधा पॉइंट किंवा कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेली छोटी डबी. आलीच नाही तर उलटं मागे जायचं. कॉइल, म्हणजे बॅटरीच्या करंटचे हजारो व्होल्ट करणारा भाग, तिच्यातून डेल्कोत जाणाऱ्या मधल्या वायरला ठिणगी आहे आणि प्लगला नाही, म्हणजे डेल्कोचं झाकण किंवा त्याच्या आत फिरणारा रोटर. पावसाळ्यात झाकणाच्या आत ओल धरते. कोरड्या कापडानं पुसा आणि तडा किंवा काळी रेघ दिसते का ते उजेडात पाहा.

मधल्या वायरलाही ठिणगी नाही? मग टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या पॉझिटिव्हला, चाबी ऑन. दिवा लागला तर टोक निगेटिव्हवर न्या आणि सेल मारा: दिवा लुकलुकला तर पॉइंट काम करतोय, नाही तर पॉइंट घासून ०.४ ते ०.५ मिमी फटीवर बसवा. पॉझिटिव्हलाच दिवा लागला नाही, तर फ्यूज, इग्निशन स्विच किंवा तिथून कॉइलपर्यंत येणारी वायर.

ही शेवटची पायरी मीच एकदा गाळली. दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस घरात आलेला, व्हॅन पडवीत. मी प्लग बदलले, पॉइंट बदलला, कंडेन्सर बदलला, कॉइलही नवीन आणली. दुसऱ्यांना अक्कल शिकवणारा मी, पण दिवा लावून पाहायचा आळस केला. शेवटी सीट पुसायला आलेली बायको म्हणाली, "अहो, उंदरीनं इथं बाळंतपण केलं न!" सीटखाली इंजिनजवळ कापसाची गादी, सरकीची टरफलं, आणि कॉइलकडे जाणारी वायर कुरतडून आतली तार उघडी.

उन्हाळ्यात गाडी तापून बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते, असं असेल तर ठिणगी तापलेली असतानाच तपासा. गार झाल्यावर सगळंच चांगलं दिसतं. ठिणगी नसेल तर पहिला संशय कॉइलवर. असेल तर पेट्रोलची वाफ धरलीय. इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका.

नवीन गाड्यांत डेल्को नाही, बहुतेकींत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल. एक सिलिंडर मिस मारत असेल तर इंजिन बंद करून दोन कॉइलींची अदलाबदल करा. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरला गेलं की चोर सापडला. डॅशबोर्डवर चाबीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चाबी ओळखत नसेल, दुसरी चाबी लावून पाहा. बोलेरोवाले मला प्लगबद्दल विचारतात. बाबू, डिझेलला ठिणगीच नसते, तुमचं दुखणं वेगळं.

कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर मारा, वर स्लीव्ह चढवा. आणि कापूस घरात असेपर्यंत दर रविवारी सीट उचलून पाहा. मी पाहतो, नाही पाहिलं तर बायको आठवण करते, चारचौघांत.