मॅस्टोडॉन सर्व्हर मिळून चालवताय? डोमेन एकट्याच्या भरवशावर नको
मॅस्टोडॉनचा (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क, ज्याचे सर्व्हर लोक स्वतःच चालवतात) सर्व्हर ग्रुपने मिळून चालवत असाल तर डोमेन, होस्टिंग आणि बॅकअप, तिन्हीचा अ‍ॅक्सेस किमान दोघांकडे असू द्या. त्यातही डोमेनला फार जपा, कारण प्रत्येकाचा पत्ताच त्याच्यावर असतो, रिन्यू करायचं राहिलं आणि ते हातचं गेलं की सर्व्हर धडधाकट असून काही उपयोग नाही, आणि नंतर नवीन डोमेन लावू म्हटलं तर तेही नीट जमत नाही.

बॅकअप म्हणजे नुसता पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची कॉपी) नव्हे हं, एन्व्ह प्रॉडक्शनची (.env.production) सेटिंग्जची फाइल पण हवीच, सीक्रेट कीज तिच्यातच असतात. डिस्क भरते ती बहुतेक वेळा बाहेरच्या सर्व्हरवरून आलेल्या फोटो-व्हिडिओंच्या कॅशने, म्हणजे आपल्याकडे साठलेल्या कॉप्यांनी, मग टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह (tootctl media remove) ही कमांड क्रॉनला लावून टाका, म्हणजे ती ठरल्या वेळी आपोआप चालेल, ७ दिवसांपेक्षा जुने बाहेरच्या पोस्टमधले फोटो-व्हिडिओ साफ होतात, आपल्या लोकांचं काही उडत नाही.

वर्गणीचा हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेवा.

आणि बंदच करायची वेळ आली तर ३ महिने आधी सांगा, मॅस्टोडॉनच्या सर्व्हर कव्हनंटमध्येही (सर्व्हर चालवणाऱ्यांसाठीच्या नियमांत) हेच आहे. फॉलोअर्स दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात पण जुन्या पोस्ट नाही नेता येत, त्यामुळे लोकांना आपलं आर्काइव्ह, म्हणजे जुन्या पोस्टची कॉपी, उतरवून घ्यायला वेळ मिळालाच पाहिजे.