‘टर्मिनेटर २’ नवख्याला कसा दाखवावा

जेम्स कॅमेरॉन यांचा ‘टर्मिनेटर २: जजमेंट डे’ हा १९९१ चा चित्रपट मी किती वेळा पाहिला याचा हिशेब आता राहिलेला नाही. पहिल्यांदा तो ठाण्याच्या नौपाड्यात शेजाऱ्यांकडे, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला आणि ऐन शेवटी कॅसेटची फीत अडकली, एवढे मात्र पक्के आठवते. पुढे भाचरांना, मित्रांना आणि सोसायटीतल्या वडीलधाऱ्यांना तो दाखवताना मी अनेक चुका केल्या. त्यातून जी पद्धत बसली ती येथे देत आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे आणि आता तो दुसऱ्या कोणाला दाखवायचा आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे, कारण पुढे रहस्य फुटणार आहे.

सर्वांत मोठी खबरदारी चित्रपट सुरू होण्याआधीच घ्यायची असते. पाहुण्यांना ट्रेलर दाखवू नये, पोस्टर दाखवू नये आणि ‘यात अर्नोल्ड चांगला असतो’ हे वाक्य तर कोणालाही उच्चारू देऊ नये. भविष्यातून आलेल्या दोघांपैकी जॉन कॉनर या मुलाचा रक्षक कोण आणि मारेकरी कोण, हे पहिला अर्धा तास हा चित्रपट जाणूनबुजून सांगत नाही. १९८४ च्या पहिल्या भागात अर्नोल्ड श्वार्झनेगर मारेकरी होता, त्यामुळे तो भाग पाहिलेला प्रेक्षक त्यालाच खलनायक धरून चालतो, आणि पोलिसाच्या गणवेशात नम्रपणे चौकशी करत फिरणाऱ्या सडपातळ रॉबर्ट पॅट्रिककडे विश्वासाने पाहतो. कॅमेरॉन यांनी रचलेला हा सापळा १९९१ च्या जाहिरातींनीच उघडा पाडला होता. आपल्या हॉलमध्ये तो पुन्हा लावता येतो, एवढे सुख आपल्या हाती आहे.

शक्य असल्यास आठवडाभर आधी पहिला भाग दाखवावा. ते जमत नसेल तर इतकेच सांगावे: यंत्रांविरुद्ध लढणाऱ्या माणसांचा नेता जन्मालाच येऊ नये म्हणून २०२९ सालातून एक यंत्रमानव त्याच्या आईला, सारा कॉनरला, मारायला येतो, तिला वाचवायला एक सैनिकही येतो, सैनिक मरतो, सारा त्या यंत्रमानवाला कारखान्यातल्या दाबयंत्राखाली चिरडते आणि पोटातले मूल घेऊन निघून जाते. याहून अधिक एक शब्दही सांगू नये.

मांडणीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. चित्रपटातील बराच भाग रात्रीचा आणि निळसर उजेडातला आहे, म्हणून खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल तर जाड पडदा लावावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर ती आठवणीने बंद करावी, नाहीतर दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च झालेला चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. मूळ इंग्रजी आवाज ठेवून सबटायटल लावावेत, कारण श्वार्झनेगरचे ते सपाट, परके उच्चार हा त्या पात्राचाच भाग आहे. चित्रपटगृहात आलेली आवृत्ती १३७ मिनिटांची आहे आणि प्रथम तीच दाखवावी. सव्वासातला सुरुवात केली तर साडेनऊच्या सुमारास ती संपते आणि दहाच्या आत आवाज बंद होतो, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजत नाही. साराला स्वप्नात दिसणारे, खेळाच्या मैदानासह होरपळून जाणारे शहर लहान मुलांना झेपणारे नाही, त्यामुळे त्यांना त्या दिवशी आजीकडे पाठवलेले बरे.

एकदा चित्रपट सुरू झाला की यजमानाने गप्प बसावे. मॉलच्या मागच्या अरुंद बोळात दोघेही एकाच वेळी त्या मुलासमोर येतात, तिथे तर श्वासही जपून घ्यावा. मुलगा मधोमध सापडला आहे. एका बाजूने श्वार्झनेगर गुलाबाच्या फुलांचा लांब खोका घेऊन येतो, खोका उघडतो, आतून बंदूक निघते आणि खाली पडलेली फुले त्याच्या बुटाखाली चिरडली जातात. दुसऱ्या बाजूला पोलीस उभा आहे. मुलगा वळतो आणि पोलिसाच्याच दिशेने पळू लागतो. पुढच्या काही क्षणांत सगळे उलटेपालटे होते. मी दाखवलेल्या प्रत्येक वेळी या ठिकाणी पडद्याकडे न पाहता पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आहे आणि एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

खरा आस्वाद दुसऱ्या वेळी सुरू होतो, आणि ती बैठक आठ-पंधरा दिवसांनी ठेवावी. आता बोलायला हरकत नाही. उलट मी एक खेळच लावतो. खलनायकाच्या, म्हणजे रूप बदलणाऱ्या त्या द्रवधातूच्या पोलिसाच्या, अंगावर काही चमत्कार घडला की प्रत्येकाने ‘हात’ किंवा ‘संगणक’ असे ओरडायचे. हा चित्रपट संगणकीय दृश्यांसाठी नावाजला गेला, त्याला मिळालेल्या चार ऑस्करांपैकी एक दृश्यपरिणामांचे होते; तरीही इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणाम कंपनीने संगणकावर तयार केलेली दृश्ये सगळी मिळून जेमतेम पाच मिनिटांची आहेत. छातीवर गोळ्या लागल्यावर फुलासारख्या उमलणाऱ्या चंदेरी जखमा स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी हाताने बनवल्या होत्या आणि गोळीने दुभंगलेले डोकेही बाहुलीचेच आहे. मनोरुग्णालयात काळ्यापांढऱ्या फरशीतून खलनायक वर येतो, तो मात्र संगणकाचा. पण त्याने ज्याचे रूप घेतले तो पहारेकरी आणि समोर कॉफी घेऊन उभा असलेला खरा पहारेकरी हे जुळे भाऊ आहेत. येथे ‘संगणक’ म्हणून ओरडणारे हमखास फसतात. कॅमेरॉन यांनी यंत्राचा पैसा जपून वापरला आणि जिथे जुळी माणसे मिळाली तिथे माणसेच उभी केली, म्हणूनच ती पाच मिनिटे इतक्या वर्षांनंतरही शिळी वाटत नाहीत, असे माझे मत आहे. पॅट्रिक यांच्या धावण्याकडेही मुद्दाम लक्ष वेधावे: तोंड मिटलेले, चेहरा स्थिर, धाप नाही. हा परिणाम निव्वळ सरावाने साधलेला आहे.

कानांनाही थोडे काम द्यावे. खलनायक रुग्णालयाच्या गजांतून आरपार जातो, तेव्हाचा तो ओलसर, सरकता आवाज ध्वनिरचनाकार गॅरी रिडस्ट्रॉम यांनी डब्यातून हळूहळू निसटणाऱ्या कुत्र्याच्या खाद्यापासून मिळवला. हे आधी सांगू नये. डोळे मिटून आवाज ऐकवावा, अंदाज घ्यावेत आणि मग सांगावे. घरात कोणी तबला शिकत असेल तर ब्रॅड फिडेल यांचे पहिल्या भागाचे शीर्षकसंगीत लावून मात्रा मोजायला सांगावे. माझ्या भाच्याने सोळा धरून तीनदा सुरुवात केली, तीनदा चुकला आणि शेवटी बोटांवर तेरा मोजून माझ्याकडे संशयाने पाहू लागला. ठोका तेराचाच आहे.

शेवटच्या पोलाद कारखान्याच्या प्रसंगासाठी भट्टीवर काम केलेला माणूस सोबत असेल तर बहार येते. ठाण्यात अशी माणसे शोधावी लागत नाहीत. वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेले एक काका आमच्याच मजल्यावर राहतात. वितळलेल्या पोलादाच्या इतक्या जवळ उभे राहून कोणी बोलूच शकणार नाही, भुवया जळतील, असे त्यांनी बजावले आणि मग पुढे सरकून शेवटपर्यंत पाहत राहिले. त्यांना मी खलनायकाला गोठवणाऱ्या द्रव नायट्रोजनचे तापमान विचारले. उणे १९६ अंश, हे त्यांनी लगेच सांगितले, आणि पोलाद दीड हजारांच्या आसपास वितळते, हेही. या दोन आकड्यांच्या मधे अख्खा शेवट बसवलेला आहे: थंडी खलनायकाचे तुकडे करते, भट्टीची धग ते तुकडे पुन्हा जोडते आणि शेवटी तीच धग त्याला गिळते.

तिसरी बैठक जमली तर वाढीव आवृत्ती लावावी. तिच्यात श्वार्झनेगरच्या डोक्यातील चिप काढण्याचा प्रसंग आहे. तो आरशासमोर बसला आहे, सारा मागे उभी राहून त्याच्या डोक्यात हत्यार घालते आहे आणि कॅमेरा सरळ आरशाकडे रोखलेला आहे, तरी आरशात कॅमेरा दिसत नाही. येथे चित्रपट थांबवून ‘हे कसे केले?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी निदान पाच मिनिटे द्यावीत. आमच्याकडे सगळ्यांनी एकमुखाने संगणकाला श्रेय दिले. प्रत्यक्षात तिथे आरसाच नाही, नुसती चौकट आहे. चौकटीच्या अलीकडे श्वार्झनेगरच्या पुतळ्याच्या डोक्यावर काम करणारी, पाठमोरी स्त्री ही लिंडा हॅमिल्टन यांची जुळी बहीण लेस्ली. पलीकडे खरे श्वार्झनेगर आणि खरी लिंडा. हे सांगून झाले की प्रसंग पुन्हा लावावा आणि दोघींच्या हातांकडे पाहावे.