हंगामापूर्वी मोटरची सफाई आणि ग्रीसिंग कसे करावे

साखर कारखान्यात गाळप संपले की मोटरींकडे निवांत पाहायला वेळ मिळतो. बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक धूळ बॉडीवरील फिन्सच्या, म्हणजे बाहेर आलेल्या पट्ट्यांच्या, खाचांत बसते आणि ओलावा लागून तिचा घट्ट थर होतो. पूर्ण बंद बांधणीच्या मोटरची उष्णता मुख्यतः याच फिन्समधून बाहेर पडत असल्याने खाचा बुजल्या की वाइंडिंग, म्हणजे आतील तारांची गुंडाळी, तापते. आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की तारांवरील विद्युतरोधक आवरणाचे, म्हणजे इन्सुलेशनचे, आयुष्य निम्म्यावर येते, हा या कामातला जुना ठोकताळा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी पॅनेलमधील आयसोलेटर, म्हणजे वीजपुरवठा तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्यानेच आपल्याजवळ ठेवावी आणि टर्मिनलवर तिन्ही फेजमध्ये व्होल्टेज नाही याची मीटरने खात्री करावी. नुसते स्टॉपचे बटण दाबून हात घालू नये.

मग फॅन कव्हर काढून पंखा, जाळी आणि फिन्स कोरड्या ब्रशने व व्हॅक्यूमने साफ कराव्यात. चिवट थर लाकडी पट्टीने खरवडावा. कॉम्प्रेसरची हवा वापरायचीच असेल, तर ती कोरडी आणि साधारण 2 बारच्या आत असावी; उघड्या बांधणीच्या मोटरवर जोराचा झोत मारल्यास धूळ वाइंडिंगमध्ये आणखी आत जाते. पाण्याचा पाइप दूरच ठेवावा.

सफाईनंतर, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) असल्यास त्याची केबल सोडवून, 415 व्होल्टच्या मोटरचे वाइंडिंग 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) एक मिनिट तपासावे. वाचन 1 मेगओहमच्या खाली असेल, तर वाइंडिंग वाळवल्याशिवाय मोटर चालवू नये.

खरी गफलत होते ती ग्रीसमध्ये. ‘थोडे जास्त गेले तर बिघडत नाही’ असे म्हणत ग्रीस गन दाबत राहणारे हात बेअरिंगचे नुकसानच करतात, कारण जादा ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि सील ओलांडून वाइंडिंगपर्यंतही पोहोचते. किती भरायचे ते नेमप्लेटवर किंवा माहितीपुस्तिकेत असते. नसल्यास बेअरिंगचा बाहेरील व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला 0.005 ने गुणावे, म्हणजे ग्रॅम मिळतात. 6312 क्रमांकाच्या बेअरिंगचा व्यास 130 आणि रुंदी 31, म्हणून ग्रीस सुमारे 20 ग्रॅम. गनच्या दहा दाबांत किती ग्रीस निघते ते वजनकाट्यावर एकदा मोजून ठेवले, की पुढे दाब मोजणे पुरते. दोन्ही बाजूंना पत्र्याचे कवच असलेल्या, म्हणजे 2झेड किंवा झेडझेड, बेअरिंगला ग्रीस भरायचे नसते.

लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस एकत्र करू नये, कारण दोन्हींचे जमत नसल्यास मिश्रण पातळ होऊन गळू लागते. ग्रीस भरण्याच्या तोंडावरचा, म्हणजे निपलवरचा, रंग आणि धूळ पुसल्यावरच गन लावावी, नाहीतर तीच घाण बेअरिंगमध्ये ढकलली जाते. ग्रीस बाहेर पडण्याचा प्लग काढून ठेवावा. थांबलेल्या मोटरमध्ये आधी निम्मे ग्रीस भरावे, माणसे बाजूला करून ती काही मिनिटे चालवावी आणि पुन्हा कुलूपबंद करून उरलेले भरावे.

त्यानंतर प्लग उघडाच ठेवून मोटर अर्धा तास चालवावी, जुने ग्रीस बाहेर येऊ द्यावे आणि मगच प्लग बसवावा. पहिले काही तास बेअरिंग नेहमीपेक्षा गरम लागते. हे तापमान उतरलेच नाही, तर ग्रीस जास्त झाले असे समजून प्लग पुन्हा उघडावा.