पोलंडची निळी ठिपक्यांची भांडी जमवताय? या चुका टाळा

आई पोलंडमध्ये माझ्याकडे, व्रोत्स्वाफ शहरात आली त्याच आठवड्यात माझी मोरडोळ्यांची (मोरपिसावरच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांची) पोलिश वाटी गेली. स्टीलची वाटी सापडेना म्हणून तिने त्या वाटीत तूप घालून सरळ गॅसवर ठेवली, मी आंघोळीला, आणि आतून टक् असा आवाज ऐकू आला, बाहेर येऊन बघते तर तूप बर्नरवर आणि वाटीचे दोन तुकडे. वर आईच म्हणते, "अगं तूच म्हणालीस ना ओव्हनमध्ये चालते म्हणून!" आता यावर काय बोलणार, म्हटलं होतं खरं.

तर पहिली चूक तीच. ओव्हनमध्ये चालतं म्हणजे गॅसवर चालतं असं नाही. ओव्हनमध्ये भांडं सगळीकडून हळूहळू तापतं, गॅसवर बुडाचा एवढासा भाग लालेलाल आणि काठ अजून गारच, मग ते ताणाने फुटतं. हेच फ्रिजमधून काढून तापलेल्या ओव्हनमध्ये टाकलं की होतं, आणि आपल्याकडची खास चूक म्हणजे गार दह्याच्या बाऊलवर कडकडीत फोडणी ओतणे. फोडणी कढल्यातच करा, जरा निवू द्या, मग ओता. ओव्हनमध्ये ठेवायचं तर भांडं आधी बाहेर नॉर्मल होऊ द्या नाहीतर गार ओव्हनमध्ये ठेवून मग तो चालू करा. आणि ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, खाली कोरडं फडकं घ्या.

बाकी ही भांडी नाजूक अजिबात नाहीत हं. आपली लोणच्याची वर चॉकलेटी खाली पांढरी बरणी असते ना, ती पण स्टोनवेअरच (खूप तापमानाला भाजलेली घट्ट माती), म्हणजे हे तिचं लांबचं नात्यातलं. ही भांडी बनतात त्या बोलेस्वाव्येत्स गावच्या आसपासची माती, आधी एक कच्ची भाजणी, त्यावर स्पंजच्या शिक्क्याने आणि ब्रशने नक्षी, मग भांडं ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकचकीत थर होतो त्या द्रावात, बुडवायचं आणि बाराशे डिग्रीच्या वर परत भट्टीत. नक्षी ग्लेझच्या खाली असते म्हणून डिशवॉशरने जात नाही. त्यामुळे कपाटात काचेआड ठेवून वर्षातून एकदा पुसणाऱ्यांची मला कीव येते, रोज वापरा की.

आता खरेदी. निळे ठिपके दिसले की पोलिश, असं समजून लोक काहीही उचलतात. आधी भांडं उलटं करा. बुडाला कारखान्याचा शिक्का आणि हाताने बनवल्याचं, पोलंडचं असं लिहिलेलं असतं. शिक्का नसेल किंवा नुसतं 'पोलिश स्टाईल' असेल तर दुकानदाराला विचारा आणि तो किती पटकन विषय बदलतो ते बघा. मग नक्षी बघा, जवळून, चष्मा लावून. स्पंजचा शिक्का कुठे थोडा जास्त दाबला जातो कुठे कमी, एखाद्या ठिपक्याची कड पुसट असते, आणि कपाच्या भोवती नक्षी फिरत फिरत सुरुवातीला येऊन मिळते तिथे शेवटचे दोन-तीन ठिपके जरा दाटीवाटीने बसवलेले दिसतात, हँडलजवळ बघा हमखास. सगळे ठिपके अगदी झेरॉक्स काढल्यासारखे असतील तर ती छापील स्टिकरची नक्षी.

जुन्या बाजारात अजून एक गोंधळ होतो. हे गाव १९४५ पर्यंत जर्मनीत होतं, नाव बुन्त्स्लाउ. युद्धानंतर जर्मन लोकांना जावं लागलं, पोलिश लोक येऊन वसले, आणि गेलेल्या कुंभारांपैकी काहींनी जर्मनीत तिकडे जाऊन तेच ठिपके, तेच मोरडोळे काढायला सुरुवात केली. म्हणजे बुडाला बुन्त्स्लाउ दिसलं की ते युद्धाआधीचं, अँटिक, असं धरून चालू नका, ते नंतर जर्मनीत बनलेलंही असू शकतं. नकली नाहीये ते, पण अँटिकची किंमत त्याला कशाला द्यायची? (पोलिश बाजूने नव्याने उभं राहिलेल्यांत त्सेरामिका आर्तिस्तिच्ना ही १९५० ची सहकारी संस्था आहे. आपल्याकडे दुधाचा संघ तसा तिथे कपबशांचा, मला ते फार आवडलं.)

'उनिकात' या शब्दावर मी स्वतः फसलेय. शब्द ऐकून वाटतं जगात एकच पीस, तर तसं नाही, उनिकात म्हणजे जास्त अवघड, जास्त रंगांची नक्षी, बुडाला सही असते, पण तीच नक्षी परत परत काढली जाते. ऑनलाइन एकाने मला 'एकमेव' म्हणून बशी विकली आणि पुढच्या महिन्यात कारखान्याच्या दुकानात तशाच सहा रचून ठेवलेल्या, स्वस्तात. मेहनतीचे पैसे जरूर द्या, दुर्मिळपणाचे देऊ नका.

याच्या उलट चूक दुसऱ्या नंबरच्या मालाला नाकं मुरडायची. तिथे गातुनेक म्हणजे दर्जा, एक नंबर, दोन नंबर असा. दोन नंबरात बहुतेक वेळा ग्लेझमध्ये टाचणीएवढं भोक नाहीतर एखादा ठिपका फिसकटलेला, एवढंच असतं, आणि किंमत बरीच उतरते. फक्त तडा नको. कप तळहातावर ठेवा, बोटाच्या पेराने टिचकी मारा, आपण माठ घेताना करतो तसंच, टण् वाजला तर ठीक, बद्द वाजला तर ठेवून द्या. घरी आणल्यावरची टेस्ट म्हणजे हळद. वरण ठेवलेला बाऊल घासल्यावरही एक बारीक पिवळी रेघ उरली तर ती तडा आहे, तो बाऊल आता ओव्हनमध्ये घालू नका, चाव्या ठेवा त्यात.

बशीवर करड्या रेघा आल्यात, ग्लेझ गेलं, म्हणून एक मैत्रीण रडकुंडीला आली होती. गेलं नव्हतं काही. आपले स्टीलचे चमचे घासून त्यांचा धातू वर बसतो, पेन्सिलीसारखा. खायच्या सोड्याची पेस्ट करून ओल्या कपड्याने चोळा, निघतं. तारेची घासणी मात्र नको.

आणि बुडाची कड! ती बिनग्लेझची, खरखरीत असते, लाकडी टेबलावर ओढली की चरा पडलाच. बारीक वॉटर पेपर ओला करून दोन मिनिटं फिरवा किंवा खाली फेल्टचे ठिपके चिकटवा.

सेट पूर्ण करायच्या नादाला लागू नका, नक्ष्या बंद होतात आणि मग एका बशीसाठी वर्षभर शोधत बसायचं. निळा सगळ्यांत सारखाच, सहा वेगळ्या बशा मांडल्या तरी छान दिसतात. घ्यायचंच असेल तर व्रोत्स्वाफहून ट्रेनने थेट गावात जा. ऑगस्टमध्ये सिरॅमिकचा उत्सव असतो तेव्हा गर्दी असते पण सगळं एकाच चौकात बघायला मिळतं.

पुण्याला नेताना ताटल्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा, प्रत्येकीच्या मध्ये जुनी साडी नाहीतर पंचा. कपात कप घालायचा नाही. प्रत्येक कपाच्या आत मोजे कोंबा आणि हँडल बॅगेच्या मधल्या बाजूला फिरवून ठेवा, बेल्टवर बॅग आपटली की पहिलं जातं ते हँडल.